पुस्तक आपले, किल्ली परक्याची

धर्मग्रामाचा रौप्यमहोत्सव वा सुवर्णमहोत्सव जवळ आला, की पुस्तकाची कल्पना निघते. समिती नेमली जाते, ज्येष्ठांच्या आठवणी लिहून घेतल्या जातात, जुन्या छायाचित्रांची शोधाशोध होते, जाहिरातींसाठी दारोदार फिरणे होते. संपादक कोण असावा यावर दोन बैठका खर्ची पडतात आणि मुखपृष्ठाच्या रंगावर तिसरी. मात्र हे पुस्तक संगणकावर कोणत्या साधनाने जुळवायचे, हा विषय कोणत्याच बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर स्टेशनाबाहेरच्या एखाद्या डीटीपी केंद्रात हस्तलिखिताचा गठ्ठा जातो आणि तेथील संगणकावर आधीपासून जे असेल त्यात तो जुळवला जातो. पुस्तकाच्या आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय असा कोणीही न घेता होऊन जातो.

माझे म्हणणे असे, की हा निर्णय समितीने घ्यावा, पहिला लेख हाती येण्यापूर्वी घ्यावा, आणि तो घेताना एकच प्रश्न सर्वांआधी विचारावा : दहा वर्षांनंतर या पुस्तकातील मजकूर कोणाच्या हाती असेल? किती वेगाने काम होईल, किती स्वस्तात होईल, पाने किती देखणी दिसतील, हे प्रश्न त्यानंतरचे. या कसोटीला लावून पाहिले तर अजूनही पुष्कळ ठिकाणी चालू असलेली पद्धत, म्हणजे जुने पेजमेकर आणि त्यात युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्ट, अजिबात उतरत नाही. ती आपण सोडून दिली पाहिजे. चोरून मिळवलेली नवी प्रणाली हाही तिला पर्याय नव्हे. उत्तम, मुक्त आणि विनामूल्य साधने आज उपलब्ध असताना आपल्या धर्मग्रामांनी या दोन्ही वाटांनी जाण्याचे कारण उरलेले नाही.

एवढ्याशा तांत्रिक बाबीसाठी इतका आग्रह कशाला, असे कोणी विचारील. आपल्या पुस्तकांत काय असते ते आठवावे. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्यात, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये नोकरीसाठी घाटावरून, वसईहून, गोव्यातून, मंगळूरहून, केरळातून माणसे आली. भाड्याच्या खोलीत त्यांनी पहिली जपमाळ म्हटली, चर्चसाठी वर्गणी काढली, मुलांना प्रथम कम्युनियनसाठी तयार केले. त्यांची चरित्रे कोणत्याही ग्रंथालयात नाहीत. स्मरणिकेतील दोन-तीन पाने हेच त्यांचे चरित्र. ती पिढी आता निघून चालली आहे. तिचे शब्द ज्या पेटीत ठेवायचे त्या पेटीची किल्ली कोणाकडे राहणार, ही म्हणूनच तांत्रिक बाब नव्हे.

अक्षरांचे सोंग

पेजमेकरला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. १९८५ साली ऑल्डस या अमेरिकन कंपनीने ही प्रणाली बाजारात आणली आणि मुद्रणालयाचे निम्मे काम एका टेबलावर आणून ठेवले. त्यापूर्वी मराठी पुस्तक म्हणजे शिशाचे खिळे, जुळाऱ्याच्या काळ्या पडलेल्या बोटांनी उचललेले एकेक अक्षर, आणि प्रुफात एक ओळ वाढली की पुढची सारी पाने हलवण्याचे संकट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची भारतीय भाषांसाठीची साधने यांनी मराठीला त्या संगणकात बसवले. त्यांच्याच बळावर छोट्या गावांतही पत्रके, गीतपुस्तके, स्मरणिका निघू लागल्या. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता आणि जे झाले ते मोठेच काम होते.

परंतु ते काम एका युक्तीवर उभे होते. त्या वेळच्या संगणकाजवळ अक्षरांसाठी साधारणपणे २५६ जागा असत आणि त्या इंग्रजी अक्षरे व चिन्हे धरून आखलेल्या होत्या. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्या जागांवर इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवले : एका जागी काना, दुसऱ्या जागी अर्धा 'स', तिसऱ्या जागी रफार. पडद्यावर 'येशू' असे दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पुंजका असे. बहुरूपी राजाचा पोशाख घालून दारी यावा तसे हे सोंग. पोशाख उतरला, म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसला, की आतला पुंजका उघडा पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीने आपले तुकडे आपल्या मर्जीने निरनिराळ्या जागांवर बसवले. त्यामुळे एका फॉन्टमधील शुभवर्तमान दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडले तर ओळखूही येत नाही. अशा अनेक पॅकेजांबरोबर संगणकाच्या मागे खोचण्याचे कुलूप, म्हणजे डाँगल, येत असे. ते हरवले वा बिघडले की फॉन्ट बंद. या लेखाच्या शीर्षकातील किल्ली म्हणजे केवळ अलंकार आहे, असे समजू नये.

या सोंगाचा शेवट करणारी व्यवस्था १९९१ सालापासून हळूहळू आकाराला आली. तिचे नाव युनिकोड. तिच्यात जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक आहे. देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखून ठेवला गेला. मराठीला लागणारे 'ॲ' हे अक्षर त्यात २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. ज्या समाजात घरोघरी ॲग्नेस आणि ॲन्थनी आहेत त्याने तरी या घटनेची नोंद ठेवायला हवी. युनिकोडमध्ये लिहिलेला 'क' कोणत्याही फॉन्टमध्ये, कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मोबाइलवर 'क' च असतो. फॉन्ट बदलला तर त्याचे वळण बदलते, ओळख बदलत नाही.

पेजमेकर या नव्या व्यवस्थेपर्यंत पोहोचलेच नाही. १९९४ साली अडोबी कंपनीने ऑल्डस ताब्यात घेतली. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली आणि त्यानंतर त्याचा विकास थांबला. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडू शकत होत्या. २०१२ च्या सीएस ६ नंतरच्या आवृत्त्यांनी तीही सोय काढून टाकली. म्हणजे आज जो कोणी पेजमेकरमध्ये पुस्तक जुळवतो तो एका बंद झालेल्या कारखान्याच्या यंत्रावर, एका कंपनीच्या खासगी संकेतलिपीत आपल्या आजोबांची आठवण लिहितो. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली, की पुन्हा पहिल्यापासून सारे टंकलेखन, पुन्हा सारे मुद्रितशोधन, आणि पुन्हा तेवढाच खर्च.

लिपीच्या कुलपाचे दोन धडे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या उगमापाशीच या प्रश्नाची गाठ पडते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठीवर त्यांचे केवढे प्रेम होते हे सांगायला नको. आपल्या लोकांसाठी त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच लिपीत पुस्तके छापावीत ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ साली येशूसंघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती बोलून दाखवली. मलबारात अशी पुस्तके छापली गेली आहेत, त्यांचा तेथील ख्रिस्ती लोकांना मोठा लाभ झाला आहे, असा दाखलाही दिला. अडचण होती ती खिळ्यांची. युरोपीय भाषेला चोवीस अक्षरांचे साचे पुरत. आपल्या लिपीला सहाशे लागतील असा हिशेब निघाला. ते दोनशेंवर आणता येतील, असाही विचार झाला. तरीही ते घडले नाही. १६१६ साली रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत.

त्याचा परिणाम काय झाला? ओवी मराठी, शब्द मराठी, भाव मराठी. पण मराठी वाचणाऱ्याला ते छापील पुस्तक वाचता येऊ नये. त्या मूळ छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्यांतील एक देवनागरी हस्तलिखित मार्सडेन संग्रहातून लंडनला जाऊन पोहोचले. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतलीच होती. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे मूळ छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी. एका थोर ग्रंथाला आपल्या वाचकांच्या घरी परतायला एवढा काळ लागला, आणि त्याचे एक मोठे कारण मुद्रणाच्या साधनाची मर्यादा हे होते. स्टीफन्स यांच्यापुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे, आणि तरीही आपण देवनागरी मजकूर परक्या अक्षरांच्या सोंगात कोंडून ठेवतो.

दुसरा धडा इतक्या दूरचा नाही. तो उल्हासनगरच्या प्रत्येक गल्लीत आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. या लोकांनी व्यापार उभा केला, शाळा उभ्या केल्या. १९६७ साली त्यांच्या भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु सिंधीतील जुने साहित्य, पत्रव्यवहार, घरातली वहीखाती प्रामुख्याने अरबी वळणाच्या लिपीत होती. मुले मात्र देवनागरी आणि रोमन शिकली. आजोबांच्या कपाटातले पुस्तक नातवाच्या हाती आहे, भाषा त्याला बोलता येते, आणि पान उघडले की तो मुका होतो. त्या समाजावर ही वेळ फाळणीने आणली. आपल्यावर कोणीही फाळणी लादलेली नाही. तरी आपल्या स्मरणिकांच्या फायली आपल्याच मुलांना उघडता येत नाहीत. ही परिस्थिती आपण स्वतः, पैसे मोजून, दरवेळी नव्याने निर्माण करतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप मुद्रकाच्या नावाने घेतला जातो : 'प्रेसवाल्याला पेजमेकरचीच फाइल लागते.' ही गोष्ट ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून प्लेट करण्याच्या काळात अर्धीमुर्धी खरी असेल. आज ऑफसेट मुद्रकाला लागते ती पीडीएफ. आणि चांगली पीडीएफ पुढे सांगणार असलेल्या प्रत्येक साधनातून निघते.

दुसरा आक्षेप याच पीडीएफचा आधार घेऊन येतो : 'आमच्याकडे पीडीएफ आहे, मग मजकूर हरवला कुठे?' पीडीएफ हे छापलेल्या पानाचे चित्र आहे. जुन्या फॉन्टमधून काढलेल्या पीडीएफमध्ये 'बाप्तिस्मा' हा शब्द शोधून पाहावा, सापडणार नाही. एक परिच्छेद उचलून मोबाइलवर पाठवून पाहावा. इंग्रजी चिन्हांचा खच पडेल. याची सर्वांत मोठी झळ कोणाला बसते? दृष्टी गेलेल्या वा मंदावलेल्या माणसांना. संगणकात आणि मोबाइलमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयी आता आहेत आणि त्या युनिकोड मराठी वाचतात. सोंगातले मराठी त्यांच्यासाठी अर्थहीन आवाज असतो. ज्या आजीने पन्नास वर्षे चर्चमध्ये गीते म्हटली तिला आपले गीतपुस्तक ऐकताही येऊ नये, अशी व्यवस्था आपण विकत घेतो. आखातात वा कॅनडात गेलेल्या मुलांचे, नातवंडांचेही तेच. त्यांच्या हाती पुस्तक नसते, फोन असतो.

तिसरा आक्षेप तयार असतो : 'जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात.' मिळतात, आणि जुन्या फायली वाचवण्यासाठी ती अवश्य वापरावीत. पण पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरे आणि 'करणाऱ्या', 'येणाऱ्या' यांतील अर्धा 'र' हे बदलताना हमखास घोटाळा होतो. सगळा मजकूर पुन्हा डोळ्यांखालून घालावा लागतो. आगीतून वाचवण्यासाठी शिडी लागते हे खरे. म्हणून शिडी आहे या भरवशावर घराला आग लावू नये.

चौथा आक्षेप सौंदर्याचा आहे आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. एके काळी युनिकोड फॉन्ट खरोखरच ओबडधोबड होते. जुन्या फॉन्टांचे वळण आणि वैविध्य त्यांच्याजवळ नव्हते. ती स्थिती पालटली आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता', मुंबईच्याच आयआयटीने तयार केलेला 'शोभिका', खास मराठी वळणाचा 'टिरो देवनागरी मराठी' हे सारे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि कोणीही, कितीही प्रतींसाठी, कायदेशीरपणे वापरू शकतो. मराठी 'ल' आणि 'श' यांची रूपे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाणित वर्णमाला ठरवून दिली. फॉन्ट निवडताना ती रूपे आहेत की नाहीत हे समितीने अवश्य पाहावे. सौंदर्याचा आग्रह धरायचा तर तो असा धरावा.

पाचवा आक्षेप डीटीपी केंद्रातील ऑपरेटरच्या बाजूने : 'त्याची बोटे जुन्या कळफलकाला सरावली आहेत.' त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मराठी टंकलेखन यंत्राचा रेमिंग्टन कळफलक युनिकोडसाठीही मिळतो. बोटांना नवे काहीच शिकावे लागत नाही. शिकावी लागते ती नव्या प्रणालीतली मांडणी, आणि त्यासाठी समितीने त्याला एक महिना आणि थोडा अधिक मोबदला द्यावा. मुखपृष्ठाच्या चकचकीत लॅमिनेशनला पैसे असतात. हाताला नवे कौशल्य देण्याला का नसावेत?

सातवी आज्ञा

आता ज्याविषयी आपण सारे गप्प असतो तो मुद्दा. 'नवी प्रणाली हवी ना? घ्या, इनडिझाइन टाकून देतो, फुकट.' हे फुकट म्हणजे चोरीची प्रत. उल्हासनगरच्या मालावरचे 'यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कर्जत लोकलच्या डब्यात आपण सर्वांनी हसून ऐकला आहे. हसणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरच्या संगणकात विकत घेतलेल्या प्रणाली आहेत? शेजाऱ्याच्या नकली मालावर हसावे आणि येशूच्या दुःखसहनाचे चिंतन चोरीच्या साधनाने जुळवावे, यात विसंगती दिसत नसेल तर आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत काहीतरी कमी पडले आहे. चोरी करू नको, ही सातवी आज्ञा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपुरती दिलेली नाही.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. आपल्या स्मरणिकांत जाहिराती असतात, हे विसरू नये. परंतु तुरुंगाच्या भीतीने प्रामाणिक व्हावे असे मला म्हणायचे नाही. प्रार्थनापुस्तकासाठी चोरी करावी लागू नये एवढे मुबलक दान समोर मांडलेले असताना ती करणे हा कृतघ्नपणा आहे, असे माझे म्हणणे आहे.

मग निवड कोणती?

येथे एकच औषध सर्व रोगांवर चालत नाही. पुस्तक पाहून साधन निवडावे.

निव्वळ गद्य पुस्तकासाठी, म्हणजे धर्मग्रामाचा इतिहास, प्रवचने, चरित्र यांसाठी, लिब्रेऑफिस पुरेसे आहे. २०१० पासून जगभरचे स्वयंसेवक ते घडवीत आहेत. शीर्षके, तळटीपा, अनुक्रमणिका, पृष्ठांक हे सारे त्यात नीट होते. रंगीत छपाईसाठी मुद्रकाला हवी तशी चार रंगांची विभागणी त्यातून होत नाही. म्हणून आतील पाने काळ्या शाईची असतील तेव्हाच ते घ्यावे आणि मुखपृष्ठ वेगळ्या साधनात करावे.

छायाचित्रे, चौकटी, जाहिराती यांनी भरलेल्या स्मरणिकेसाठी स्क्रायबस घ्यावे. पेजमेकर वापरणाऱ्याला त्याची रीत ओळखीची वाटेल. पूर्वी त्यात देवनागरी अक्षरे तुटत असत आणि त्या काळी कोणी ते नाकारले असेल तर ते योग्यच होते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत आपल्या लिप्या नीट जुळतात, आणि छपाईसाठी योग्य रंगांची पीडीएफही मिळते.

शेकडो गीतांच्या संग्रहासाठी, क्रमांक, पहिल्या ओळींची सूची, विषयवार सूची असलेल्या पुस्तकासाठी झीटेक हे साधन आहे. शिकायला ते अवघड आहे. पण एकदा साचा बसला, की मध्ये एक गीत घातले तरी साऱ्या सूच्या आपोआप सुधारतात. त्याची कुळकथा आपल्या वाचकांना आवडेल. डोनाल्ड क्नुथ या गणितज्ञाने, जो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहे, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'टेक' ही प्रणाली लिहिली आणि जगाला विनामूल्य दिली. २००४ साली जोनाथन क्यू यांनी तिला युनिकोडची जोड दिली. ते ज्या एसआयएल संस्थेत काम करीत होते तिचे कार्य बायबलच्या भाषांतराशी निगडित आहे. ज्या भाषांकडे बाजार पाहत नव्हता त्यांत शुभवर्तमान छापता यावे, या गरजेचा या साधनाच्या घडणीत मोठा वाटा आहे.

आणि ज्या केंद्राजवळ इनडिझाइनची रीतसर विकत घेतलेली प्रत आहे त्याला विरोध करण्याचे कारण नाही. सीएस ६ पासून त्यात भारतीय लिप्यांची सोय आहे. मात्र परिच्छेदासाठी योग्य जुळणीपद्धती निवडावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. २०१३ पासून अडोबीच्या नव्या आवृत्त्या भाड्याने घ्याव्या लागतात. भाडे थांबले की प्रणाली बंद. नियमित प्रकाशन करणाऱ्या संस्थेला ते परवडेल. पाच वर्षांतून एक पुस्तक काढणाऱ्या धर्मग्रामाने त्या चक्रात का अडकावे?

युनिकोडचा आणखी एक लाभ खास आपल्या पट्ट्यातला आहे. आपल्या चर्चमध्ये मराठी कुटुंबाच्या शेजारी कोकणी, तमिळ, मल्याळम्, हिंदी, इंग्रजी बोलणारी कुटुंबे गुडघे टेकतात. १९८८ साली कल्याणला सिरो-मलबार धर्मप्रांतही स्थापन झाला. या साऱ्यांच्या आठवणी त्यांच्या त्यांच्या लिपीत एकाच पुस्तकात, एकाच पानावर, निर्वेधपणे छापता येतात. जुन्या फॉन्टांच्या व्यवस्थेत तसे करणे म्हणजे चार कंपन्यांची चार कुलपे एका दाराला लावण्यासारखे होते. म्हणूनच अशा पुस्तकांत मराठीखेरीज बाकीच्यांच्या वाट्याला इंग्रजीतली एखादी ओळ येई.

पाच अटी

यावर सभेत नुसती मान डोलावून काही होणार नाही. जुळणीचे काम देताना मागणीपत्रावर पाच अटी लिहाव्यात आणि त्यांखाली दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. एक, सारा मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित होईल. दोन, वापरलेली प्रणाली आणि फॉन्ट मुक्त परवान्याचे वा रीतसर विकत घेतलेले असतील. तीन, काम संपल्यावर मुद्रकाच्या पीडीएफबरोबर मूळ फाइल, फॉन्ट, छायाचित्रे आणि शेवटच्या प्रुफापर्यंत सुधारलेला साधा मजकूर समितीच्या स्वाधीन केला जाईल. चार, हे सर्व हाती आल्याशिवाय मोबदल्याचा शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. पाच, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या जातील : एक धर्मगुरूनिवासात, एक समितीच्या सदस्याकडे, एक उल्हास नदीच्या खोऱ्याबाहेर. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या पाचव्या अटीचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

मूळ फाइल मागितली की काही केंद्रांतून उत्तर येते, 'ती आम्ही देत नाही.' तसे असेल तर केंद्र बदलावे. शब्द लेखकांचे, छायाचित्रे कुटुंबांची, पैसे धर्मग्रामाचे. मग फाइल दुसऱ्याची कशी?

४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दोन दस्तऐवज जाहीर झाले. एकाने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. दुसऱ्याने मुद्रणादी संपर्कमाध्यमांची जबाबदारी ख्रिस्तसभेवर टाकली. भाषा आणि साधन यांचा विचार एकत्र करायचा असतो, हे त्या दिवसाने शिकवले. आपण भाषा घेतली, साधनाचा विचार दुकानदारावर सोपवला. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील ज्या धर्मग्रामांत येत्या काही वर्षांत महोत्सवाचे पुस्तक निघणार आहे, त्यांच्या समित्यांनी पहिल्याच बैठकीत हा विषय घ्यावा, मागणीपत्रावरील पाच अटींचा ठराव मंजूर करावा, आणि मग मुखपृष्ठाच्या रंगावर हवा तेवढा वेळ वाद घालावा.